पेरावरचे केस

अक्का, सोमवारी कॉलेजची गाडी येणार आहे, तुमचे वाळल्या झाडांचे सगळे गठ्ठे घेऊन जायला. परवा सुमंगला मॅडमचा फोन आला होता. तुमचीच विद्यार्थिनी, आता तुमच्या खुर्चीवर बसते. म्हणाली, "शालूताई, गठ्ठे आहेत तसे द्या हं. काही आवरू नका, झटकू नका." तीस वर्षं मीच ते झटकले, डांबरगोळ्या घातल्या, पावसाळ्यात उघडीप मिळाली की एकेक कागद व्हरांड्यात पसरला, आणि आता मला झटकू नका म्हणे. मी "बरं" म्हटलं. या घरात सगळ्यांत जास्त वेळा मी उच्चारलेला शब्द तोच असेल.

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे गेले, तुमची खाट शेजारच्यांनी उचलून मागच्या पडवीत उभी केली. येणारा प्रत्येकजण मला म्हणतो, "सुटल्या बिचाऱ्या. आणि तूही सुटलीस ग." मी मान हलवते. सुटल्यासारखं वाटत नाही, हे कुणाला सांगू? चार वाजले की अजून माझे पाय तुमची कूस बदलायला वळतात. खोलीत जाते, रिकाम्या जागेत उभी राहते आणि परत येते.

गठ्ठे एकदा गेले की कॉलेजच्या लोखंडी कपाटात बंद होतील. तिथं मला कोण सोडणार? बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातून उठलेली बाई मी, कुणाची कोण म्हणून आत जाऊ? त्यामुळं माझ्याकडं आजचा शनिवार आणि उद्याचा रविवार आहे. चौथ्या गठ्ठ्यातल्या त्या एका कागदावर चिठ्ठी लावायची की नाही, एवढं मला तोवर ठरवायचंय. कोणता कागद, ते तुम्हाला सांगायला नको. अकरा वर्षं आपण त्यावर भांडलो, आणि त्यातली बरीचशी न बोलता भांडलो.

चिठ्ठीची रीत तुम्हीच शिकवलीत. वाळलेलं झाड कागदावर चिकटवलं की खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं. झाडाचं नाव, कुठं सापडलं, कुणी गोळा केलं, नाव कुणी ठरवलं. पुढं कधी कुणाला वाटलं की नाव चुकलंय, तर खोडायचं नाही, जुनं लेबल उपटायचं नाही. शेजारी बारीकशी चिठ्ठी लावायची, तिच्यावर नवं नाव आणि खाली आपलं नाव. "चुकलेला पण तिथंच राहतोय बघ, शालू," तुम्ही म्हणायचात. "त्याला कोण हाकलत नाही." मला ती रीत फार आवडली होती. आता तिनंच मला कोंडीत पकडलंय. तुमच्या नावाशेजारी, तुम्ही गेल्यावर पंधराव्या दिवशी, माझं नाव.

तुमच्या भावाला विचारलं. बेलूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले होते, चहा पीत होते. म्हणाले, "आता कशाला ते? अक्का गेली. लोक म्हणतील, तेरावं होतंय न होतंय तोवर भावजयीनं उणं काढलं." खोटं नाही ते. सुमंगला मॅडम तुमचं तलावांतल्या झाडांचं पुस्तकही नव्यानं छापणार आहेत, तुमच्या फोटोसकट. अशा वेळी मी उठून म्हणायचं, थांबा, आमच्या अक्का एका झाडाचं नाव चुकल्या होत्या. आणि नाही म्हटलं तर ती चूक नव्या पुस्तकातही जाईल, कपाटातही राहील, आणि मला ती ठाऊक आहे हेही माझ्यापाशीच राहील. बोलले तर मी वाईट, नाही बोलले तर खोटी. तुम्ही असता तर निदान तुमच्यावर चिडता तरी आलं असतं.

नवनगरचं हे घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि तुमचे गठ्ठे. लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात आमच्या गादीखाली काहीतरी करकर वाजायचं. सहाव्या दिवशी चादर बदलायला गादी उचलली, तर खाली वर्तमानपत्रांचे थर आणि त्यांत चेपलेली झाडं. तुम्ही दारात उभ्या होता. लाजायचं सोडून म्हणालात, "दोघांचं वजन पडतंय की. प्रेसपेक्षा झकास वाळायलंय." मोठ्या नणंदेनं नव्या नवरीला असं म्हणावं? मी माहेरी पत्रात लिहिलं की इथं नणंदबाई झाडं वाळवतात आणि आम्ही दोघं त्यांचं वजन आहोत. पुढं मीच एकदा दुर्गदबैलाच्या बाजारात जाऊन झाडं दाबायला प्लायवूडच्या दोन जाड पाट्या आणि नवारीच्या पट्ट्या आणल्या, तेव्हा कुठं आमची गादी सुटली.

मला लग्नासाठी मधूनच कॉलेजातून उठवलं, हे कळल्यावर तुम्ही म्हणाला होता, "येत्या जूनला तुझा फॉर्म भरू या." जून दरवर्षी आला. एका जूनला सुनीता पोटात होती, एका जूनला सासूबाई न्हाणीत पडल्या आणि वर्षभर उठल्या नाहीत, एका जूनला बेलूरचा कारखाना चार महिने बंद राहिला आणि तुमच्या पगारावर सगळं घर चाललं. मग तुम्ही विचारायचं सोडलंत आणि मी वाट बघायचं. राग तुमच्यावर नव्हता. पण तुम्ही रोज सकाळी साडीला पिन लावून, पर्स घेऊन बस पकडायला निघायचात, आणि मी तुमचा डबा भरून फाटकापर्यंत यायचे. फाटकाची कडी मी आतून लावायचे, एवढाच आपल्यात फरक होता.

रविवारी मात्र तुम्ही मला बाहेर काढायचात. भावाला सांगायचात, "झाकून ठेवलंय, वाढून घे," आणि आपण दोघी केळगेरीच्या तलावावर. काठाच्या चिखलात ती झाडं उभी असायची. गुडघ्याच्या वर, कण्हेरीसारखी लांब पानं, ठिकठिकाणी फुगीर पेरं, टोकाला बारीक फुलांचे तुरे. पहिल्या खेपेला मला सगळी एकच दिसली. तुम्ही एका झाडाचं पान तोडून हातावर ठेवलंत आणि म्हणालात, "चाव." सासरची माणसं देतील ते खायचं, या शिकवणुकीनं मी चावलं. लवंगी मिरची परवडली. मी चुळा भरत होते आणि तुम्ही काठावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. "ही तिखटी. आता जन्मात विसरणार न्हाईस." नाहीच विसरले.

उरल्या त्या दोघी. एकीचं पुस्तकी नाव ग्लाब्रा, म्हणजे गुळगुळीत. दुसरीचं बार्बाटा, म्हणजे दाढीवाली. चवीनं त्या ओळखू येत नाहीत. तुम्ही मला पेर दाखवलंत. पानाचा देठ जिथं खोडाला लागतो तिथं पेराभोवती एक पातळ, कागदासारखी नळी असते. पुस्तकात तिला ऑक्रिया म्हणतात, तुम्ही म्हणायचात बाही. या बाहीच्या तोंडाशी लांब केसांची झालर असली तर दाढीवाली, तोंड कात्रीनं कापल्यासारखं साफ असलं तर गुळगुळीत. ताजी असताना फुलांचा रंगही सांगतो, गुळगुळीतची गुलाबी आणि दाढीवालीची पांढरी, पण वाळल्यावर दोघींची मातकट होतात. केसांचाही पूर्ण भरवसा नाही. खालच्या जुन्या पेरांवरचे ते झडून जातात. म्हणून बघायचं ते शेंड्याजवळचं कोवळं पेर.

एकदा म्हशी घेऊन आलेली एक बाई आपल्याकडं बराच वेळ बघत राहिली. शेवटी न राहवून म्हणाली, "एल्ला ओंद री अक्कार. एम्मी तिन्नंगिल्ल, अष्ट." सगळी एकच हो अक्का, म्हैस खात नाही, एवढंच. तुम्ही तिला जवळ बसवून, कन्नडात, भिंग डोळ्याला लावून दोन्ही पेरं दाखवलीत. ती "हौदल्ल" म्हणाली, म्हणजे खरंच की, आणि मग म्हशींना हाका मारत निघून गेली. येताना बसमध्ये तुम्ही म्हणालात, "बघ, एक मिनिट तरी तिला दोन दिसली." तुमच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला अजून दिसतो. शिकवण्यासाठीच तुमचा जन्म होता, अक्का. मला तुम्ही कॉलेजात घालू शकला नाहीत, पण जे कॉलेजात शिकवत होता ते सगळं मला त्या काठावर दिलंत. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. तेव्हा वाटायचं, कळतंच आहे.

मग पुस्तक आलं. धारवाडच्या तलावांतल्या आणि काठांवरच्या वनस्पतींचं, शाळेतल्या मुलांना कळेल असं. मजकूर तुमचा, चित्रं माझी. मुखपृष्ठावर तुमचं नाव, आत पहिल्या पानावर 'चित्रे : सौ. शालिनी', आडनाव छापायचं राहिलेलं. मी ते पान सुनीताला दहा वेळा दाखवलं. दोन महिन्यांनी अळणावरच्या एका शाळामास्तरांचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. लिहिलं होतं की ग्लाब्राच्या पानावर मजकुरात बाहीला केस नसतात असं म्हटलंय, पण शेजारच्या चित्रात केस स्पष्ट दिसतात. मुलं विचारतात, कोणतं खरं मानायचं?

त्या दिवशी स्वयंपाकघरात आपलं जुंपलं. तुम्ही म्हणालात, "केस कुठनं काढलीस ग तू? बार्बाटा बघून काढलीस काय?" मी म्हटलं, "तुम्ही दिलेला कागदच समोर ठेवून काढलंय. जे दिसलं ते काढलं. नावच चुकलंय अक्का, ही दाढीवाली आहे." तुम्ही म्हणालात, "एवढी वर्षं हे झाड बघायलेय मी. मला सांगायलीस?" मी तरातरा जाऊन चौथा गठ्ठा सोडला, तो कागद आणून ओट्यावर पसरला. तुम्ही भिंग धरलंत आणि म्हणालात, "कुठं हायत केस?" मी भिंग हिसकून घेतलं, बघितलं आणि म्हटलं, "हे काय, आहेत की." एका कागदावर आपण दोघी वाकलो होतो आणि तुम्ही माझ्या बोटाकडं बघायला तयार नव्हता. वांग्याची भाजी करपली. तुमचे भाऊ आत डोकावून, वास घेऊन परत गेले.

आठवड्यानं तुम्ही मास्तरांना उत्तर लिहिलंत आणि पेटीत टाकायला माझ्याकडं दिलंत. पाकीट उघडंच होतं. मी वाचलं. 'चित्राचा दोष नाही. चूक माझी आहे. आपण लक्षात आणून दिलेत, आभारी आहे.' एवढंच. मला वाचून आधी बरं वाटलं आणि मग आग आग झाली. परक्या माणसापाशी चार ओळींत कबूल, आणि घरात माझ्यापाशी एक शब्द नाही. मी पत्र टाकून आले आणि म्हटलं, "मग कागदावर चिठ्ठी लावा की." तुम्ही पेपर तपासत होता. मान वर न करता म्हणालात, "त्या कागदाला हात लावू नकोस. चूक माझी, मी लिहिलंय तसं. आता हा विषय बंद."

मी फार वाईट बोलले तेव्हा. म्हटलं, "बरोबर आहे. चिठ्ठी लावायची तर खाली माझं नाव लिहावं लागेल ना. भांडी घासणारीचं नाव तुमच्या नावाशेजारी कसं चालेल?" तुम्ही पेन ठेवलंत, माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही पुन्हा पेन उचललंत.

पुढच्या रविवारी तुम्ही चप्पल घालून विचारलंत, "येतीस काय ग?" मी म्हटलं, "कामं आहेत." त्याच्या पुढच्याही. तुम्ही बरेच दिवस विचारत राहिलात, मग विचारायचं थांबवलंत आणि एकट्या जात राहिलात, मग गुडघे गेले आणि तेही संपलं. घरात आपण डाळीबद्दल बोलायचो, गॅसबद्दल, सुनीताच्या स्थळांबद्दल, अगदी हसायचोसुद्धा. पण त्या झाडांचं नाव दोघींनी घेतलं नाही. त्या तलावावर जायला मला कुणी बंदी केली नव्हती. फाटकाची कडी मीच आतून लावून घेतली होती.

आणि मग दोन वर्षांपूर्वी तुमचा उजवा हात गेला, पाय गेला, शब्द गेले. तुम्ही खाटेला खिळलात आणि मी तुमच्या खाटेला. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. मी तुमचं सगळं केलं, मनापासून केलं, त्यात खोट नाही. पण एक गोष्ट आहे, अक्का, आणि ती मी या घरात कुणाला सांगितलेली नाही. पहिल्या पावसाळ्यात एकदा तुम्ही डावा हात उचलून कपाटाकडं दाखवलंत आणि म्हणालात, "गठ्... चा..." डॉक्टरांना नाही कळलं तरी मला तुमचं सगळं कळायचं. पाणी हवंय की पंखा, मला नुसत्या डोळ्यांवरून कळायचं. चौथा गठ्ठा, हेही कळलं. मी म्हटलं, "हो हो, नंतर बघू. आधी औषध." दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुमारास, तेव्हा मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तिसऱ्यांदा गेल्या उन्हाळ्यात. तुम्ही माझा पदर धरला होता. मी तो हळूच सोडवून घेतला आणि म्हटलं, "झोपा आता." त्यानंतर तुम्ही मागितलं नाही.

का केलं मी असं? मनात होतं, आता गरज पडली काय. नऊ वर्षं विषय बंद होता, आता राहू दे बंद. तुम्हाला मरायच्या आधी आपलं नाव साफ करून घ्यायचंय, आणि तेही माझ्याच हातानं, असं मला वाटलं. तुम्हाला खाटेवरून उतरता येत नव्हतं, म्हणून मला हे जमलं.

आज रविवार. दुपारी जेवणं झाल्यावर तुमचे भाऊ झोपले आणि मी चौथा गठ्ठा सोडला. ठरवलं होतं, चिठ्ठी लावायचीच. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. जाड कागदाची चिठ्ठी कापली, शाईचं पेन आणलं, बार्बाटा लिहिलं. खाली माझं नाव लिहायला गेले आणि हात थांबला. इतक्या वर्षांत लेबलं मी शेकड्यांनी लिहिली, तुमच्या सांगण्यावरून. नाव ठरवणारी म्हणून सही कधी केली नव्हती. तुमचं एक ठरलेलं होतं, सही करायची तर कागदावरचं एक एक पेर बघायचं, बुडापासून शेंड्यापर्यंत, कंटाळा करायचा नाही. मी आजवर या कागदावरचं एकच पेर बघत आले होते, मला बरोबर ठरवणारं. म्हणून भिंग घेतलं आणि बुडापासून सुरुवात केली.

कागदावर दोन फांद्या आहेत. उजव्या फांदीच्या खालच्या बाह्या फाटलेल्या, केस झडलेले, शेंड्याजवळ मात्र झालर स्वच्छ. हेच पेर मी चित्रात काढलं होतं. मग डावी फांदी. तिच्यावरच तुरा चांगला आहे, म्हणून चित्रातला तुरा मी हिचा घेतला, पण पेरं पानांखाली दबलेली म्हणून ती उजवीकडची घेतली. आज पहिल्यांदा मी तिची पानं सुईनं हलकेच उचलून बघितली. खालचं पेर साफ. मधलं साफ. शेंड्याचं, अगदी कोवळं, त्याची बाही अजून अर्धी मिटलेली, तेही साफ. कापल्यासारखं. मी भिंग पुसलं, डोळे पुसले, खिडकीपाशी जाऊन पुन्हा बघितलं.

दोन झाडं आहेत, अक्का. एका कागदावर. डावी गुळगुळीत, उजवी दाढीवाली. त्या दिवशी ओट्यावर तुम्ही डावीकडं बघत होता आणि मी उजवीकडं. तुम्हाला केस दिसत नव्हते, कारण नव्हतेच. मला दिसत होते, कारण होते. आणि पुस्तकात मी काढलेलं झाड, तुरा एकीचा आणि पेर दुसरीचं, ते जगात कुठंच उगवत नाही.

लेबल वाचलं. माझंच अक्षर. 'फुले गुलाबी व पांढरी.' ज्याला थोडंही कळतं त्याला तिथंच कळलं असतं. खाली, 'गोळा करणार : शालिनी'. तुम्ही हट्टानं लिहायला लावलं होतं ते, चिखलात उतरलीस तू, नाव तुझंच. मला तो दिवस आठवला. तुमचा गुडघा दुखत होता म्हणून तुम्ही काठावर होता. माझी चप्पल चिखलात रुतली होती. मी एक फांदी खुडली आणि ती कागदावर एकटी उघडी दिसेल म्हणून शेजारची आणखी एक ओढली. एका कागदावर एका झाडाचंच घ्यायचं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला वाटलं, शेजारचीच तर आहे. कागद भरलेला छान दिसेल.

आणि मग ते दिसलं. प्रत्येक फांदीच्या बुडाशी, पानाच्या आड, पेन्सिलीनं काढलेलं बारीक अक्षर. डावीकडं अ, उजवीकडं ब. एका कागदावर दोन झाडं निघाली की अशीच खूण करायची असते. तुमचाच अ, खाली वळसा घेतलेला. रेघ घट्ट, न थरथरलेली, म्हणजे हात जायच्या आधीची. बहुतेक त्याच आठवड्यातली, मास्तरांना पत्र लिहिलं त्या.

तुम्हाला कळलं होतं. ओट्यावरून उठल्यावर कधीतरी एकट्यानं तुम्ही सगळी पेरं बघितलीत, खूण केलीत, आणि पुढची चिठ्ठी लावली नाहीत. कारण चिठ्ठीवर लिहावं लागलं असतं की गोळा करतानाच झाडं मिसळली आहेत, आणि गोळा करणारीचं नाव खाली होतंच. मिसळलेला कागद आणणाऱ्या मुलांना तुम्ही प्रॅक्टिकलला सरळ शून्य द्यायचात. मला शून्य द्यायचं तुमच्यानं झालं नाही. फॉर्म भरता आला नाही, निदान हे तरी करू, असं वाटलं का तुम्हाला? की तुम्ही बोलणारच होता, आणि मी भांड्यांचं ते वाक्य टाकलं, आणि त्यानंतर बोलणं म्हणजे मला आणखी खाली ढकलणं झालं असतं? मला कळणार नाही आता.

मला तुमचा राग येतोय, अक्का. खरंच येतोय. मला दया नको होती. तुम्ही म्हणायला हवं होतं, "शालू, गाढवे, दोन झाडं खुडून आणलीस." मी तासभर रडले असते आणि पुढच्या रविवारी चप्पल घालून तुमच्याबरोबर निघाले असते. तुम्ही मला सांभाळायला गेलात आणि दोघी अडकून पडलो. आणि राग येतोय तोच दुसऱ्या बाजूनं वाटतंय, माझ्यासाठी आयुष्यात कुणी एवढी चूक आपल्या अंगावर घेतली नाही. आईनंही नाही.

चिठ्ठी फाडून नवी लिहिली. अ ला चिठ्ठी लागत नाही, तुम्ही दिलेलं नाव बरोबरच आहे. ब साठी बार्बाटा, खाली माझं नाव. आणि एक ओळ जास्तीची, 'या कागदावर दोन झाडे आहेत, गोळा करताना मिसळली, चूक गोळा करणारीची.' चिकटवली, वर वजन ठेवलं. उद्या सुमंगला मॅडमना सांगणार आहे की नव्या पुस्तकातून ते चित्र काढा, मी दोन्ही झाडांची वेगळी काढून देईन. तुमचे भाऊ उठून बाहेर आले, म्हणाले, "लावलीस शेवटी?" मी म्हटलं, "लावली. चूक माझी होती." त्यांना वाटलं मी रडतेय ती दमणुकीनं. त्यांनी स्वतः चहा ठेवला.

तुमचं नाव आता साफ आहे, अक्का. जगाच्या बाजूनं सगळं बरोबर झालं. पण चिठ्ठीवर झाडाचं नाव लिहायला जागा असते, बाकी कशाला नसते. तुम्ही बरोबर होता, हे वाक्य मला तुम्हाला ऐकवायचं होतं. ते ऐकायला तुम्ही दोन वर्षं माझ्या समोर होता, कुठं उठून जाणार नव्हता, आणि मीही नव्हते. तीन वेळा तुम्ही हा गठ्ठा मागितलात. कपाट खाटेपासून चार पावलांवर होतं.